वर्ग एक झाले, शिक्षक बाहेर राहिले

मार्च १९५३ मध्ये अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या टोपेका शहरात शिक्षण अधीक्षकांनी काही कृष्णवर्णीय शिक्षकांना पत्रे धाडली. शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धचा खटला तेव्हा सर्वोच्च न्यायालयात चालू होता. पत्राचा आशय असा, की निकाल वर्णभेदाच्या विरोधात गेला तर गोऱ्या मुलांना शिकवायला काळे शिक्षक ठेवणे शहरातल्या बहुसंख्य लोकांना रुचणार नाही, असे धरूनच शाळा मंडळ चालणार आहे. तेव्हा पुढच्या वर्षीच्या नेमणुकीची हमी देता येत नाही. निकालाला अजून चौदा महिने अवकाश होता. मुलांनी एकत्र बसावे की नाही हे न्यायालय ठरवत होते. त्यांच्यापुढे उभे कोण राहणार, हे अधीक्षकांच्या कचेरीत आधीच ठरून गेले होते.

शाळेतल्या भेदभावाचा इतिहास आपण बहुधा मुलांच्या बाजूने वाचतो. कोणाला दारातून आत घेतले, कोणाला व्हरांड्यात बसवले, कोणाला बाकावर जागा मिळाली. हे वाचायलाच हवे. पण खडू कोणाच्या हातात होता हा प्रश्न त्यात मागे पडतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांचा शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर माझ्या मते एक गोष्ट स्पष्ट दिसते. वंशद्वेषाला उत्तर देणारा वर्ग तिथे ज्यांनी घडवला, त्यांनी तो द्वेष स्वतः भोगला होता. त्या भोगण्यातून त्यांना जे कळले होते, ते त्यांच्या अध्यापनाचे खरे भांडवल होते. आणि समतेचा सर्वांत मोठा कायदेशीर विजय अमलात आणताना हेच भांडवल उधळले गेले.

गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना अक्षरओळख करून देणे हा गुन्हा होता. साउथ कॅरोलायनाने १७४० सालीच गुलामांना लिहायला शिकवण्यावर बंदी घातली. नॉर्थ कॅरोलायनाने १८३० मध्ये वाचन आणि लेखन दोन्ही शिकवायला मनाई केली. जॉर्जियात जन्मलेल्या सूझी किंग टेलर यांनी १९०२ साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यांत सव्हाना शहरातल्या एका गुप्त शाळेचे वर्णन आहे. एक स्वतंत्र कृष्णवर्णीय विधवा आपल्या घरात पंचवीस-तीस मुलांना शिकवायची. मुले पुस्तके कागदात गुंडाळून नेत, म्हणजे पोलिसांच्या किंवा गोऱ्या माणसांच्या नजरेला पडू नयेत. फाटकातून एकेकाने आत शिरायचे आणि सुटल्यावर एकेकानेच बाहेर पडायचे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटे, पोरे काही हातकाम शिकायला येतात. याच सूझीने यादवी युद्ध पेटल्यावर, १८६२ मध्ये, सेंट सायमन्स बेटावर केंद्रीय सैन्याच्या छत्राखाली शाळा चालवली. दिवसा मुले आणि रात्री मोठी माणसे. तेव्हा तिचे वय जेमतेम चौदा होते. शिक्षिकेने पुस्तक कागदात गुंडाळून नेलेले असेल, तर समोरच्या मुलाला अक्षराची किंमत तिला वेगळी सांगावी लागत नाही. अध्यापनशास्त्राच्या कोणत्याही प्रशिक्षणात न मिळणारी ही गोष्ट आहे, आणि पुढच्या तीन पिढ्यांच्या शिक्षकांत ती दिसत राहते.

गुलामगिरी संपली. १८९६ च्या प्लेसी खटल्याच्या निकालाने ‘वेगळे पण समान’ हे सूत्र कायदेशीर ठरवले. वेगळेपणा काटेकोर पाळला गेला, समानता मात्र कागदावरच राहिली. काळ्या मुलांच्या शाळांना गोऱ्या शाळांतली वापरून झिजलेली पुस्तके मिळत. १९१२ पासून पुढच्या वीस वर्षांत शिकागोचे व्यापारी ज्यूलियस रोझेनवाल्ड यांच्या देणगीतून आणि बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या पुढाकाराने पंधरा राज्यांत सुमारे ५,००० शाळा उभ्या राहिल्या. या शाळांसाठी कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी स्वतःच्या खिशातून जे दिले, ते रोझेनवाल्ड यांच्या वाट्यापेक्षा थोडे अधिकच भरते. म्हणजे जे लोक सरकारी शाळांसाठी कर भरत होते, तेच आपल्या मुलांच्या शाळेसाठी दुसऱ्यांदा पैसे मोजत होते.

या काळातले सर्वांत बोलके उदाहरण सेप्टिमा क्लार्क यांचे आहे. १८९८ साली साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन शहरात त्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील गुलाम म्हणून जन्मले होते. चार्ल्स्टनमध्ये काळ्या मुलांसाठी सरकारी शाळा होत्या, पण त्या शाळांत काळ्या शिक्षकांची नेमणूक होत नसे. शिक्षिका गोऱ्या. क्लार्क यांनी आठवणींत लिहिले आहे की विद्यार्थ्याने रस्त्यात ओळख दाखवलेली या शिक्षिकांना खपत नसे. सकाळी वर्गात जिच्याकडून मुळाक्षरे गिरवून घ्यायची, संध्याकाळी तिला नमस्कारही करायचा नाही, हा धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकात छापलेला नव्हता. तरी तो प्रत्येक मुलाला तोंडपाठ झाला असणार. १९१९ मध्ये या प्रथेविरुद्ध सह्यांची मोहीम निघाली, क्लार्क घरोघर फिरल्या आणि वर्षभरात शहरातल्या काळ्या शाळांची दारे काळ्या शिक्षकांना उघडली. मोहिमेला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे, की स्वयंपाकिणी आणि धोबिणी यांना आपल्या मुलांसाठी काळे शिक्षक नकोच आहेत. सह्यांनी त्याला उत्तर दिले.

मराठी वाचकाला इथे जोतीराव फुल्यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १८७३ सालचे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले, हे आपण शाळेत शिकतो. त्यापेक्षा कमी सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी सादर केलेले निवेदन. प्राथमिक शाळांतले शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, अशी मागणी त्यात आहे. कारणही दिले आहे: असा शिक्षक लोकांत मिसळेल, त्यांच्या गरजा त्याला समजतील, ब्राह्मण शिक्षक बहुधा अंतर राखून वागतो. चार्ल्स्टनच्या सह्यांच्या मोहिमेआधी सदतीस वर्षे, पुण्यातल्या एका माणसाने शिकवण्याच्या गुणवत्तेत शिक्षकाचे समाजाशी असलेले नाते धरले होते. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण फेकले गेले ते त्या वर्गात शिकवायला निघाल्या होत्या म्हणूनच. त्यामुळे शाळेची वाट काय असते, हे फुले दांपत्याला आयोगापेक्षा अधिक ठाऊक होते.

क्लार्क यांची पहिली नोकरी १९१६ सालची, चार्ल्स्टनजवळच्या जॉन्स बेटावर. तिथे त्यांच्या शाळेत १३२ मुले आणि शिक्षिका दोन. जवळच्या गोऱ्यांच्या शाळेत मुले तीन, आणि तिथल्या एकट्या शिक्षिकेचा पगार या दोघींच्या पगारांच्या बेरजेहून जास्त. पुस्तके जवळपास नव्हतीच. क्लार्क यांनी धोब्याकडून कपडे ज्यांत घालून येतात त्या कागदी पिशव्या घेतल्या आणि मुलांच्या तोंडून आलेल्या गोष्टी त्यांवर लिहून काढल्या: शाळेत येताना कोणत्या वाटेने आलो, वाटेत काय उगवलेले दिसले. मुले त्या पिशव्यांवरून वाचायला शिकली. आज या पद्धतीला शिक्षणशास्त्रात भारदस्त नावे आहेत. १९१६ साली ती एका अठरा वर्षांच्या मुलीला सुचली, कारण आपण जिथे राहतो ते गाव छापील पुस्तकात कधीच नसते, हे तिला स्वतःच्या शालेय जीवनापासून माहीत होते.

जे पुस्तकात नव्हते ते पुस्तकात आणण्याचे काम कार्टर वुडसन यांनी हाती घेतले. गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांचा हा मुलगा, १८७५ साली जन्मलेला. तरुणपणी वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसाखाणीत राबला. खाणीतल्या ऑलिव्हर जोन्स नावाच्या एका जुन्या सैनिकाच्या घरी मजूर जमत. जोन्सला स्वतःला वाचता येत नसे, पण त्याने पुस्तके आणि वर्तमानपत्रे जमवलेली होती. वुडसन ती सर्वांना वाचून दाखवत आणि त्या बदल्यात त्यांना खायला मिळे. पुढे १९१२ मध्ये त्यांनी हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली, १९१५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी संस्था काढली, १९२६ मध्ये शाळांसाठी ‘निग्रो इतिहास सप्ताह’ सुरू केला. १९३७ पासून शिक्षकांसाठी स्वतंत्र मासिकही निघू लागले. या साऱ्याची वर्गातली बाजू लुइझियानातल्या टेसी मॅकगी यांच्या उदाहरणातून दिसते. १९३३ च्या सुमारास त्या वेबस्टर परगण्यात काळ्या मुलांच्या एकमेव माध्यमिक शाळेत इतिहास शिकवत. गोऱ्या अधिकाऱ्यांनी ठरवून दिलेला अभ्यासक्रमाचा आराखडा टेबलावर उघडा असे आणि वुडसन यांचे पुस्तक त्यांच्या मांडीवर. त्या वाचून दाखवत मांडीवरचे. मुख्याध्यापक दारात दिसले की नजर टेबलाकडे. त्यांच्या एका विद्यार्थ्याने ही आठवण पुढे सांगितली, आणि इतिहासकार जार्विस गिव्हन्स यांनी ती आपल्या ग्रंथात नोंदवली. मुलांना शिक्षिकेची मांडी दिसत होती. त्या तासाला ती इतिहासाबरोबर आणखीही काही शिकत होती, यात शंका नाही.

आता पहिला आक्षेप. हे सगळे वर्णन त्या वेगळ्या, दरिद्री, अन्याय्य शाळांचे उदात्तीकरण नाही का? वर्णभेदी शाळा चांगल्या होत्या असे सुचवणे म्हणजे वर्णभेदाची वकिली करण्यासारखेच. हा धोका खरा आहे, म्हणून स्पष्ट सांगायला हवे: त्या शाळांची रचना अन्याय्य होती आणि ती मोडलीच पाहिजे होती. हे सर्वांत आधी कोणी म्हटले असेल, तर त्या शाळांतल्या शिक्षकांनीच. व्हर्जिनियातल्या नॉरफोक शहरात ॲलीन ब्लॅक या शिक्षिकेने १९३९ मध्ये समान वेतनासाठी दावा लावला आणि नोकरी गमावली. त्यांचे सहकारी मेल्विन ॲल्स्टन यांनी तो लढा पुढे नेला आणि १९४० मध्ये अपील न्यायालयात जिंकला. पाच वर्षांनी साउथ कॅरोलायनातल्या अशाच वेतनलढ्यात सेप्टिमा क्लार्क होत्या. जॉर्जियातल्या कृष्णवर्णीय शिक्षकांच्या संघटनेने पडद्याआडून नागरी हक्कांच्या लढ्याला बळ दिले. ज्यांच्या जिवावर उद्या बेतणार होते, त्यांनीच या व्यवस्थेविरुद्ध उभे राहण्याची जोखीम पत्करली. त्यांच्या कामाची कदर करणे आणि त्या व्यवस्थेची कदर करणे या दोन गोष्टी एक मानल्या, की त्या माणसांवर दुसऱ्यांदा अन्याय होतो.

टोपेकाच्याच खटल्याची कागदपत्रे या बाबतीत फार बोलकी आहेत. तिथल्या जिल्हा न्यायालयाने असे नोंदवले होते की काळ्या आणि गोऱ्या शाळांच्या इमारती, अभ्यासक्रम आणि शिक्षकांची पात्रता यांत लक्षणीय फरक नाही. म्हणजे पालकांची तक्रार शिक्षकांविरुद्ध नव्हतीच. मुलांना रंगावरून वेगळे काढले जाते, याविरुद्ध होती. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. वेगळे काढल्याने काळ्या मुलांच्या मनात न्यूनगंड रुजतो, हा त्यातला कळीचा मुद्दा. त्याला केनेथ क्लार्क यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा आधार होता. निकाल योग्यच होता. पण काळ्या मुलाचे नुकसान हीच एक गोष्ट त्यात दिसली आणि त्या मुलाला सावरणारा शिक्षक नजरेआड राहिला. मग नुकसान काळ्या शाळेमुळे होते, असा सोयीचा अर्थ काढायला शाळा मंडळांना वेळ लागला नाही. मे १९५५ च्या पूरक निकालात कर्मचारीवर्गाचा उल्लेख सापडतो, पण कुठे? इमारती, वाहतूक आणि शाळांच्या हद्दी यांच्यासोबत, अंमलबजावणीतल्या प्रशासकीय अडचणींच्या यादीत.

परिणाम सगळीकडे एकाच छापाचे झाले. शाळा एकत्र करायच्या म्हणजे काळ्यांची शाळा बंद करायची, मुले गोऱ्या शाळेत पाठवायची आणि शिक्षकांना घरी. मिझुरी राज्यातल्या मोबर्ली गावात १९५५ मध्ये असेच झाले: तिथल्या काळ्या शिक्षकांपैकी एकालाही पुन्हा नेमले नाही. ते न्यायालयात गेले आणि १९५९ मध्ये अपिलात हरले. निवड गुणवत्तेवर झाली, हे मंडळाचे म्हणणे ग्राह्य धरले गेले. सतरा राज्यांत १९५४ ते १९६५ या काळात सुमारे ३८,००० कृष्णवर्णीय शिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या, हा नेहमी दिला जाणारा अंदाज आहे. मुख्याध्यापकांची तर साफ पडझड झाली. आख्ख्या गावात ज्याच्या शब्दाला वजन होते अशा माणसाला एकत्रित शाळेत साहाय्यक करून टाकले गेले.

गुणवत्तेचा हा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो, म्हणून त्यावर थांबायला हवे. दक्षिणेतल्या सरकारी विद्यापीठांनी पदव्युत्तर शिक्षणाची दारे काळ्यांना बंद ठेवली होती. ती उघडावी लागू नयेत म्हणून काही राज्ये त्यांना दुसऱ्या राज्यात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती देत. परिणामी हे शिक्षक उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात किंवा शिकागोला जाऊन पदव्या घेऊन येत. ज्यांना ‘कमी पात्र’ म्हणून काढले, त्यांतल्या अनेकांच्या पदव्या त्यांच्या जागी आलेल्यांपेक्षा वरच्या होत्या. गुणवत्तेची फूटपट्टी खरोखर लावली असती, तर ती या शिक्षकांच्याच बाजूने झुकली असती.

याच मुद्द्याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे: अन्याय सोसला म्हणून कोणी चांगला शिक्षक होतो का? नाही. नुसता अनुभव कडवट करू शकतो, भित्रा करू शकतो, आपल्याच माणसांना हिणवायला लावू शकतो. खुद्द वुडसन यांनी १९३३ साली शिकलेल्या कृष्णवर्णीयांवर, त्यांत शिक्षकही आले, सडकून टीका केली होती, की यांना स्वतःच्याच समाजाची लाज वाटायला शिकवले गेले आहे. अनुभवाचे ज्ञान होण्यासाठी त्यावर विचार आणि मेहनत करावी लागते, आणि सेप्टिमा क्लार्क यांचे नंतरचे आयुष्य त्याचा नमुना आहे. साउथ कॅरोलायनाने १९५६ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांना नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे सदस्यत्व घ्यायला बंदी केली. क्लार्क यांनी सदस्यत्व सोडले नाही. नोकरी गेली, निवृत्तिवेतन गेले. त्या टेनेसीतल्या हायलँडर या लोकशाळेत गेल्या आणि जानेवारी १९५७ मध्ये त्यांच्या पुढाकाराने जॉन्स बेटावर प्रौढांसाठी पहिली ‘नागरिकत्व शाळा’ सुरू झाली. पुढच्या खोलीत सहकारी किराणा दुकान, मागच्या खोलीत वर्ग, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला संशय नको. शिक्षिका म्हणून क्लार्क यांनी मुद्दाम आपल्या नात्यातल्या बर्निस रॉबिन्सन यांना निवडले. केशरचना करून देणे आणि शिवणकाम हा त्यांचा व्यवसाय. त्यांनी वर्गाला पहिल्याच दिवशी विचारले की तुम्हाला काय शिकायचे आहे. लोकांना नाव लिहायचे होते, टपालाने माल मागवण्याचे फॉर्म भरायचे होते, आणि मतदार नोंदणीसाठी राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवायचा होता. अभ्यासक्रम तिथून ठरला. निवडीत अनुभवाला मान होता, पण त्यामागे क्लार्क यांची चाळीस वर्षांची शिस्त आणि हायलँडरमधले प्रशिक्षण उभे होते. पुढे या शाळा मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेने चालवल्या आणि दक्षिणेत हजारोंनी अशा शिक्षकांची फळी तयार झाली.

शेवटचा आक्षेप सर्वांत अवघड. काळ्या मुलाला काळाच शिक्षक हवा म्हटले, तर भिंती पुन्हा उभ्या राहणार नाहीत का? माझे म्हणणे तसे नाही. फिलाडेल्फियाहून आलेल्या लॉरा टाउन या गोऱ्या बाईंनी १८६२ पासून १९०१ मध्ये मृत्यू येईपर्यंत साउथ कॅरोलायनातल्या सेंट हेलेना बेटावर मुक्त गुलामांच्या मुलांना शिकवले. चार दशके तिथेच राहून, लोकांत मिसळून, त्यांनी ते काम केले. फुल्यांची कसोटी त्या पूर्ण करतात. प्रश्न एखाद्या वर्गात कोणी शिकवावे हा नसून, साऱ्या शाळेच्या शिक्षकवृंदात तो अनुभव असलेले कोणी आहे की नाही, हा आहे. टेनेसी राज्यात १९८५ पासून झालेल्या एका मोठ्या प्रयोगात मुलांना शिक्षक चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून दिले होते, त्यामुळे पुढे त्या माहितीवरून तुलना करता आली. बालवाडी ते तिसरी या वर्षांत निदान एक कृष्णवर्णीय शिक्षक लाभलेल्या काळ्या मुलांचे शालान्त शिक्षण पूर्ण करण्याचे प्रमाण १३ टक्क्यांनी आणि महाविद्यालयात जाण्याचे १९ टक्क्यांनी जास्त आढळले. फक्त एक शिक्षक, तोही लहानपणी. आणि गोऱ्या मुलांचेही नुकसान झालेच: जी माणसे त्यांना आपल्या देशाचा उरलेला इतिहास सांगू शकली असती, ती त्यांच्या शाळेच्या दारापर्यंत पोचलीच नाहीत.

शिक्षकांची ही हकालपट्टी टाळता आली असती. डिसेंबर १९६९ मध्ये सिंगलटन खटल्यात पाचव्या मंडल अपील न्यायालयाने आदेश दिला की एकत्रीकरणात शिक्षक कमी करायचे झाल्यास ते वस्तुनिष्ठ आणि रंगनिरपेक्ष निकषांवरच करावेत, आणि प्रत्येक शाळेतल्या शिक्षकवृंदात दोन्ही वर्णांचे प्रमाण राखावे. पंधरा वर्षे उशिरा आलेला हा आदेश १९५५ च्या निकालातच एका परिच्छेदात बसला असता. २०२०-२१ मध्ये अमेरिकेच्या सरकारी शाळांत सुमारे १५ टक्के विद्यार्थी कृष्णवर्णीय होते आणि शिक्षक जेमतेम ६ टक्के. आपल्याकडेही एखादी शाळा सर्वांची झाली आहे का, हे तपासताना विद्यार्थ्यांच्या पटाबरोबर शिक्षकांचा हजेरीपटही मागून घ्यावा, आणि सोबत १८८२ चे ते निवेदन काढून वाचावे.